वेल्डच्या पोटात पाहताना: रेडिओग्राफिक तपासणी, पायरीपायरीने

वेल्डमधून किरण आरपार टाकून काढलेली एक फिल्म व्ह्यूअरवर, म्हणजे फिल्म पाहायच्या उजळ पेटीवर, लावली आणि तिच्यात काहीच दिसले नाही, तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर जोड खरोखर निर्दोष आहे. किंवा दोष आहे, पण तो दाखवण्याची कुवत या फिल्ममध्ये नव्हती. दोन्ही फिल्म वरवर अगदी सारख्याच दिसतात. रेडिओग्राफीतली बहुतेक मेहनत ही दुसरी शक्यता मोडून काढण्यासाठी असते. अंतर मोजायचे, पेनिट्रामीटर (फिल्मची कुवत दाखवणारी तारांची किंवा भोकांची पट्टी) लावायचा, डेन्सिटी (फिल्मचा काळेपणा) तपासायची, शिशाची अक्षरे चिकटवायची, हे सगळे त्यासाठीच. नवीन माणसाला हे कागदोपत्री सोपस्कार वाटतात आणि घाईत तो नेमके तेच टाळतो. म्हणून खालची प्रत्येक पायरी सांगताना ती का आहे, हेही सांगितले आहे. कारण कळले की पायरी सहसा चुकत नाही.

सावली कशाची पडते, कशाची पडत नाही

विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण सापडले. त्यांनी पत्नीच्या हाताचे काढलेले छायाचित्र सर्वांना ठाऊक असते. पुढे त्यांनी आपल्या बंदुकीचेही असेच छायाचित्र घेतले, म्हणजे धातूच्या आत पाहण्याची कल्पना या शोधाइतकीच जुनी आहे. तत्त्व आजही तेच आहे. किरण धातूतून जाताना शोषले जातात. धातू जितका जाड आणि जितका जड, तितके कमी किरण पलीकडच्या फिल्मवर पोहोचतात. २० मिमी पोलादात २ मिमी व्यासाचे वायूचे छिद्र असेल, तर तिथे किरणांना १८ मिमीच पोलाद ओलांडावे लागते. तिथे जास्त किरण पोहोचतात आणि फिल्म जास्त काळी होते. म्हणून काळा डाग म्हणजे धातू कमी, पांढरा डाग म्हणजे धातू जास्त किंवा पोलादापेक्षा जड काहीतरी.

आता चिरेचा विचार करा. चीर ५ मिमी खोल आहे आणि तिचे तोंड ०.०५ मिमी उघडे आहे. किरण तिच्या खोलीच्या दिशेने गेले तर त्यांच्या वाटेत ५ मिमी धातू कमी पडतो आणि फिल्मवर स्पष्ट काळी रेघ उमटते. तीच चीर किरणांना आडवी असेल तर २० मिमीतले केवळ ०.०५ मिमी कमी होतात, म्हणजे पाव टक्का. जाडीत साधारण एक ते दोन टक्के फरक पडल्याशिवाय फिल्मवर डोळ्याला काही जाणवत नाही. ती चीर तिथेच असते, आपल्याला मात्र दिसत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा: आपण नेमके काय शोधतोय? पोरॉसिटी (वायूची छिद्रे), स्लॅग (आत अडकलेली मळी), टंगस्टनचे कण, रूटमधली (जोडाच्या तळातली) अर्धवट भेदणी, म्हणजे ज्या दोषांना आकारमान आहे, त्यांच्यासाठी रेडिओग्राफीइतकी उघड आणि जपून ठेवता येणारी साक्ष दुसरी कुठली नाही. प्लेटच्या पृष्ठभागाला समांतर असलेले लॅमिनेशन (प्लेटचे आतून सुटलेले थर) मात्र ती जवळपास कधीच दाखवणार नाही. व्ही जोडात बेव्हल (प्लेटच्या कडेचा उतार) ३० अंशांचा असेल आणि बाजूच्या भिंतीला लॅक ऑफ फ्यूजन (धातू नीट न जुळणे) असेल, तर प्लेटवर काटकोनात टाकलेल्या किरणांच्या दृष्टीने तो दोष ३० अंशांनी कललेला असतो. तो फिल्मवर पुसट उमटेल किंवा उमटणारही नाही. अशी शंका असेल तर बेव्हलच्या दिशेने किरण टाकून आणखी एक शॉट घ्या, किंवा त्या जोडावर अल्ट्रासॉनिक तपासणीही करा. फिलेट जोडात (दोन तुकड्यांच्या कोपऱ्यातल्या वेल्डमध्ये) जाडी जागोजागी बदलते, त्यामुळे तिथे रेडिओग्राफी दुबळी पडते. बट जोड (कडेला कड लावून केलेला) हे तिचे खरे क्षेत्र. शिवाय एका बाजूला उगम आणि दुसऱ्या बाजूला फिल्म लागते, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचायला हवा.

किरणांचा उगम निवडणे

एक्स-रे ट्यूबमध्ये वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या टार्गेटवर आदळतात. त्यांच्या ऊर्जेतला साधारण एक टक्काच क्ष-किरणांत उतरतो, बाकीची उष्णता होते. म्हणून ट्यूबला थंड होण्यासाठी विश्रांती द्यावी लागते. इथे दोन गोष्टी आपल्या हातात असतात. किलोव्होल्ट वाढवले की किरण जास्त खोल भेदतात. मिलीअँपिअर किंवा वेळ वाढवली की किरणांचे प्रमाण वाढते. नवशिका वेळ वाचवायला किलोव्होल्ट चढवतो आणि फिल्म करडी, सपाट करून बसतो. ऊर्जा जितकी कमी, तितका चांगल्या आणि वाईट धातूतला फरक ठळक. जाडी भेदण्यापुरते किलोव्होल्ट ठेवा आणि वेळ जास्त द्या.

गॅमा सोर्सला, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाच्या कुपीला, वीज लागत नाही आणि तो पाइपच्या आतही शिरतो. पण त्याची ऊर्जा निसर्गाने ठरवलेली असते, ती बदलता येत नाही. इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस असते आणि पोलादात तो साधारण २० ते १०० मिमी जाडीसाठी योग्य. सेलेनियम-७५ चे अर्धायुष्य सुमारे १२० दिवस. त्याची ऊर्जा कमी असल्याने तो १० ते ४० मिमीसाठी बरा. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, आणि तो ४० मिमीच्या पुढच्या जाड कामांसाठी वापरतात.

या निवडीत माझा आग्रह एकच आहे. ६ मिमी भिंतीच्या पाइपवर इरिडियम वापरू नका. साइटवर तोच हाताशी असतो म्हणून सर्रास वापरला जातो, हे खरे. पण पातळ धातूवर त्याचे किरण इतके सहज आरपार जातात की बारीक दोषाचा आणि आसपासच्या धातूचा काळेपणा जवळजवळ एकच दिसतो. सेलेनियम किंवा एक्स-रे मिळत असेल तर तोच घ्या.

सोर्स बाहेर काढण्यापूर्वी

हा भाग मी मुद्दाम लांबवून लिहितो आहे.

५० क्युरी ताकदीचा इरिडियम सोर्स उघडा असेल तर १ मीटरवर तासाला साधारण २५० मिलीसीव्हर्ट मात्रा मिळते. अंतराचा नियम वर्गाचा आहे: अंतर दसपट झाले की मात्रा शंभर पटीने घटते. म्हणजे १० मीटरवर तासाला २.५ मिलीसीव्हर्ट, १०० मीटरवर २५ मायक्रोसीव्हर्ट. आता हेच गणित उलट्या दिशेने करा. १ सेंटीमीटरवर मात्रा दहा हजार पट होते: तासाला २५०० सीव्हर्ट, सेकंदाला जवळपास ०.७ सीव्हर्ट. तुलनेसाठी, किरणोत्सारात काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय शिफारशीतली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसीव्हर्ट आहे आणि सामान्य लोकांसाठी वर्षाला १ मिलीसीव्हर्ट. बोटाच्या पेराएवढ्या सोर्सला एक सेकंद हात लागला, तर त्या हाताला, वर्षाला २० मिलीसीव्हर्ट धरले तर, जवळपास पस्तीस वर्षांच्या मर्यादेइतकी मात्रा मिळते.

१९९९ मध्ये पेरूतल्या यानांगो जलविद्युत केंद्रात कॅमेऱ्यातून (सोर्स ठेवायच्या जाड कवचाच्या पेटीतून) सुटलेला इरिडियम सोर्स एका वेल्डरला खाली पडलेला दिसला. ते काय आहे हे माहीत नसल्याने त्याने तो उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला. त्याला पाय गमवावा लागला. सोर्स दिसायला धातूच्या साध्या तुकड्यासारखा असतो, गरम लागत नाही, आवाज करत नाही. तो ओळखायला एकच साधन आहे: किरणोत्सार मोजणारा, चालू असलेला सर्व्हे मीटर.

म्हणून क्रम असा ठेवा. सर्व्हे मीटरची बॅटरी आणि कॅलिब्रेशनची तारीख तपासा. कॅमेऱ्याजवळ नेऊन तो काटा दाखवतो का, हे पाहा. बॅज आणि पॉकेट डोसिमीटर (मिळालेली मात्रा मोजणारी साधने) अंगावर असू द्या, डोसिमीटरचे सुरुवातीचे वाचन लिहून ठेवा. ड्राइव्ह केबल (सोर्स बाहेर-आत ढकलणारी) आणि सोर्सचा पिगटेल (सोर्स ज्याच्या टोकाला असतो तो तुकडा) यांचे जोडणीचे टोक झिजलेले नाही ना, गाइड ट्यूब (सोर्स जिच्यातून जातो ती नळी) चेपलेली किंवा जास्त वळलेली नाही ना, हे हाताने तपासा. सोर्स अडकण्याच्या घटना बहुधा इथेच सुरू होतात. टंगस्टनचा कोलिमेटर लावा. किरण हव्या त्याच दिशेला जातात, आणि कॉर्डनही (माणसांना दूर ठेवणारा घेराही) बरेच लहान करता येते. कॉर्डनचे अंतर गणिताने काढा, दोरी आणि चेतावणीच्या पाट्या लावा, रात्री दिवे लावा. पहिला शॉट चालू असताना दोरीजवळ फिरून मीटरने ते अंतर खरे ठरते का, तेही पाहा. कॉर्डनमध्ये शिरणाऱ्याला अडवायला माणूस ठेवा. वर-खालचे मजले विसरू नका, किरण वरही जातात.

प्रत्येक शॉटनंतर, अगदी प्रत्येक, सोर्स आत घेतला की मीटर हातात धरून कॅमेऱ्यापर्यंत जा, मग गाइड ट्यूबच्या टोकापर्यंत जा. क्रँकचे (केबल फिरवणाऱ्या हँडलचे) फेरे मोजले आणि केबल पूर्ण आली, यावर विसंबून राहू नका. केबल आली म्हणजे सोर्स आला, असे होत नाही. मीटर मूळ पातळीवर उतरला तरच कुलूप लावा. सोर्स अडकला असेल तर मागे हटा, कॉर्डन वाढवा आणि किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. तो परत आणण्याची झटापट स्वतः करू नका.

जोड तयार करणे आणि खुणा लावणे

फिल्म काढण्याआधी जोड डोळ्यांनी तपासा. अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच), स्पॅटर (उडालेले थेंब), आर्क स्ट्राइक (ठिणगीचा व्रण), कॅपवरची (वेल्डच्या सर्वांत वरच्या थरावरची) उंचसखल लहर यांची सावली फिल्मवर पडते आणि आतल्या दोषांशी तिची गल्लत होते. जी अनियमितता खऱ्या दोषाला झाकू शकते, ती आधी घासून काढा. उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजनमुळे चिरा उशिरा, तासांनी किंवा दिवसांनी पडतात. अशा कामात वेल्डिंगनंतर ठरलेला वेळ, बरेचदा ४८ तास, जाऊ द्या आणि मगच फिल्म काढा. संध्याकाळी वेल्ड केलेल्या जोडाची रात्री काढलेली स्वच्छ फिल्म दुसऱ्या दिवशी खोटी ठरू शकते.

जोडावर कायमची शून्य खूण आणि मोजण्याची दिशा ठरवा. शिशाचे अंक आणि अक्षरे लावा: काम, जोड क्रमांक, वेल्डरची खूण, तारीख, फिल्मचे ठिकाण. सपाट प्लेटवर ठिकाणाच्या खुणा उगमाच्या बाजूला लावा. म्हणजे फिल्मवर दिसणाऱ्या खुणांमधला प्रत्येक सेंटीमीटर खरोखर तपासला गेला आहे, हे सिद्ध होते. शेजारच्या दोन फिल्मवर एक सामाईक खूण दिसलीच पाहिजे. ती दिसली नाही तर मधला पट्टा कोणीच पाहिलेला नाही.

मांडणी: अंतर, कोन, धूसरपणा

दिव्याचा गोळा मोठा असेल तर भिंतीवरच्या सावलीची कड फिकट आणि रुंद होते. सोर्सचेही तसेच. सोर्सचा आकार गुणिले वस्तूच्या वरच्या पृष्ठापासून फिल्मपर्यंतचे अंतर, भागिले सोर्सपासून त्या पृष्ठापर्यंतचे अंतर: हा भौमितिक धूसरपणा.

एक उदाहरण करू. २५ मिमी प्लेट, ३ मिमी रीइन्फोर्समेंट (प्लेटच्या वर उंचावलेला वेल्ड), ३ मिमी आकाराचा सोर्स, सोर्स ते फिल्म ६०० मिमी. वस्तूचे वरचे पृष्ठ फिल्मपासून २८ मिमी, सोर्स त्या पृष्ठापासून ५७२ मिमी. धूसरपणा ३ × २८ ÷ ५७२, म्हणजे जवळपास ०.१५ मिमी. आता वेळ वाचवायला सोर्स २०० मिमीवर आणला तर ३ × २८ ÷ १७२, म्हणजे ०.४९ मिमी. एएसएमई या अमेरिकन संहितेच्या पाचव्या भागात ५० मिमीपेक्षा कमी जाडीसाठी ०.५१ मिमीपर्यंतचा धूसरपणा चालतो, म्हणजे कागदावर दोन्ही मांडण्या पास. पण दुसऱ्या फिल्ममध्ये केसासारखी चीर पसरून करडी होईल आणि हरवेल. मर्यादा ही किमान अपेक्षा असते, तिच्या कडेला जाऊन उभे राहायची गरज नाही. फिल्म जोडाला घट्ट चिकटवा. मध्ये राहिलेली फट हा फुकटचा धूसरपणा आहे.

पाइपसाठी मांडणी बाहेरच्या व्यासावरून ठरते. साधारण ८९ मिमीपर्यंतच्या पाइपमध्ये किरण दोन्ही भिंतींतून पाठवतात आणि दोन्ही भिंती वाचतात. सोर्स जोडाच्या रेषेपासून थोडा सरकवला की वरचा आणि खालचा जोड एकमेकांवर न पडता लंबवर्तुळासारखे उघडतात. ९० अंशांच्या फरकाने किमान दोन शॉट घ्या. लंबवर्तुळ जमत नसेल आणि दोन्ही जोड एकमेकांवरच घ्यायचे असतील तर किमान तीन शॉट. त्याहून मोठ्या पाइपमध्ये किरण दोन भिंतींतून जातात, पण फिल्मजवळची भिंतच वाचायची. त्यालाही घेर पूर्ण करायला किमान तीन शॉट लागतात. पाइपच्या मध्यावर सोर्स नेता आला तर सगळ्या घेराभोवती फिल्म गुंडाळा आणि एकाच शॉटमध्ये पूर्ण जोड घ्या. सर्वांत समान आणि स्वच्छ फिल्म यातूनच मिळते. फक्त सोर्स खरोखर केंद्रात आहे का, ते आधाराची चौकट लावून पक्के करा.

फिल्मच्या दोन्ही बाजूंना शिशाचे पातळ पडदे असतात. पुढचा पडदा फिल्मवरचा परिणाम वाढवतो आणि मऊ, विखुरलेले किरण गाळतो. मागचा पडदा पाठीमागून परतणारे किरण थोपवतो. काँक्रीटच्या जमिनीवर ठेवलेल्या कामात मागून येणारे विखुरलेले किरण फिल्म धुरकट करतात, तेव्हा कॅसेटखाली शिशाचा पत्रा जरूर घाला.

फिल्मची परीक्षा घेणारे दोन साक्षीदार

पहिला साक्षीदार पेनिट्रामीटर, ज्याला हल्ली आयक्यूआय म्हणतात. तारांचा प्रकार वापरत असाल तर तारा वेल्डच्या लांबीला काटकोनात, वेल्डवरच ठेवा. भोकांचा प्रकार असेल तर वेल्डच्या शेजारी, रीइन्फोर्समेंटची उंची भरून काढणाऱ्या शिमवर (पातळ पट्टीवर) ठेवा. त्याच्या २-२टी या पातळीचा अर्थ असा: पट्टीची जाडी कामाच्या जाडीच्या २ टक्के, आणि दिसले पाहिजे असे भोक पट्टीच्या जाडीच्या दुप्पट व्यासाचे. साहित्य कामाच्या धातूसारखेच हवे, पोलादासाठी पोलादी तार. आपल्या २८ मिमीच्या उदाहरणात एएसएमईनुसार साधारण ०.६४ मिमी जाडीची तार दिसायला हवी.

आयक्यूआय उगमाच्या बाजूला ठेवायचा, कारण तिथे धूसरपणा सर्वाधिक असतो. तिथे तार दिसली तर बाकी जाडीत ती दिसणारच. पाइपच्या आत हात पोहोचत नसेल तर फिल्मच्या बाजूला ठेवता येतो, पण त्याजवळ शिशाचे एफ अक्षर लावून तसे उघड सांगावे लागते. मात्र ०.६४ मिमीची तार दिसली म्हणजे तेवढी चीरही दिसेल, असे समजू नका. तार सरळ असते, किरणांच्या वाटेत तिची पूर्ण जाडी येते आणि ती कुठे आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. चीर यातली एकही सवलत देत नाही. आयक्यूआय फिल्मचा दर्जा सांगतो, दोषाच्या आकाराची हमी देत नाही.

दुसरा साक्षीदार कॅसेटच्या पाठीवर लावलेले शिशाचे बी अक्षर, किमान १३ मिमी उंच. गडद पार्श्वभूमीवर या अक्षराची फिकट प्रतिमा उमटली तर मागून विखुरलेले किरण आले आहेत. फिल्म बाद करा, मागे शिसे वाढवा आणि शॉट पुन्हा घ्या. उलट फिक्या पार्श्वभूमीवर गडद बी दिसला तर फिल्म बाद होत नाही.

एक्स्पोजर

वेळ फिल्मच्या उत्पादकाच्या तक्त्यावरून काढा आणि जाडीत रीइन्फोर्समेंट धरा. मग तीन दुरुस्त्या डोक्यात ठेवा. अंतर बदलले तर वेळ अंतराच्या वर्गाने बदलते: ५०० मिमीचे ७०० केले तर जवळपास दुप्पट. सोर्स क्षीण झाला तर त्या प्रमाणात वेळ वाढते: ७४ दिवसांनी इरिडियमला दुप्पट, ३७ दिवसांनी १.४ पट. म्हणजे महिन्यापूर्वी ८ मिनिटांत मिळालेली फिल्म आता साधारण ११ मिनिटे मागेल. तिसरी दुरुस्ती फिल्म पाहिल्यावरची: पडद्यांसह वापरल्या जाणाऱ्या औद्योगिक फिल्ममध्ये ढोबळ मानाने डेन्सिटी एक्स्पोजरच्या प्रमाणात वाढते. १.५ आली आणि २.५ हवी असेल तर वेळ १.७ पटीच्या आसपास करा. सोर्स बाहेर जाताना आणि परत येताना लागणारे सेकंद लहान एक्स्पोजरमध्ये मोजणीत घ्या.

डार्करूम

इथे शिस्त एवढीच: तापमान आणि वेळ. हाताने धुताना डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला साधारण ५ मिनिटे, मधूनमधून हलवत. मग स्टॉप बाथ, मग फिक्सरमध्ये फिल्म स्वच्छ व्हायला लागला त्याच्या किमान दुप्पट वेळ, मग वाहत्या पाण्यात २० ते ३० मिनिटे. फिल्म फिकी वाटते म्हणून डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवू नका, एक्स्पोजर दुरुस्त करा. धुणे आखडते घेतलेली फिल्म आज छान दिसते आणि काही वर्षांनी पिवळी पडते, नेमकी तेव्हा जेव्हा कुणाला जुना पुरावा हवा असतो.

फिल्मऐवजी फॉस्फर प्लेट किंवा फ्लॅट पॅनेल (डिजिटल प्रतिमा देणारी साधने) असेल तर डार्करूम जाते आणि पडद्यावर उजळपणा हवा तसा बदलता येतो. पण धूसरपणा कुठलेही सॉफ्टवेअर परत मिळवून देत नाही. म्हणून तिथे तारांच्या जोड्यांचा आयक्यूआयही लावतात, आणि मूळ प्रतिमेची फाइल न बदलता जपतात.

आधी फिल्म पास, मग जोड

व्ह्यूअरच्या खोलीत काही मिनिटे अंधाराला डोळे सरावू द्या. मग लगेच वेल्डकडे पाहू नका. खुणा, अक्षरे, आयक्यूआयची तार, बी अक्षर, आणि डेन्सिटोमीटरने काळेपणा, हे आधी. डेन्सिटी २ म्हणजे प्रकाशाचा शंभरावा भाग आरपार जातो, ४ म्हणजे दहा हजारावा. एएसएमईत एक्स-रेसाठी किमान १.८, गॅमासाठी किमान २.०, आणि कमाल ४.०. आयक्यूआयजवळच्या डेन्सिटीपेक्षा वेल्डमध्ये कुठे १५ टक्क्यांहून कमी किंवा ३० टक्क्यांहून जास्त असेल, तर त्या पट्ट्याला हा आयक्यूआय लागू होत नाही. फिल्मच नापास असेल तर तिच्यात दोष शोधत बसू नका.

मग खोटे डाग ओळखा. नखाने दुमडल्याने चंद्रकोरीसारखा व्रण पडतो. स्थिर विजेने झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते. पडद्यावरचा ओरखडा लागोपाठच्या अनेक फिल्मवर एकाच जागी दिसतो. फिल्म तिरकी धरून परावर्तित प्रकाशात पाहिली की पृष्ठावरचा ओरखडा लगेच चमकतो. शंका राहिली तर एकाच कॅसेटमध्ये दोन फिल्म घालून पुन्हा शॉट घ्या. दोन्हींवर एकाच जागी आला तो डाग कामातला, एकीवरच आला तो फिल्मचा.

वाचन

मी प्रथम रूटची रेषा वाचतो, नंतर दोन्ही बाजूंच्या भिंती, शेवटी कॅप. दोषाची जागा त्याचे अर्धे नाव सांगून जाते.

वेल्डच्या बरोबर मध्यावर, कडा सरळ असलेली काळी रेघ म्हणजे रूटमधली अर्धवट भेदणी. त्या सरळ कडा म्हणजे प्लेटची न वितळलेली मूळ कड. मध्यावरच, पण कडा विरघळत गेलेला रुंद काळसर पट्टा दिसला तर तो बहुधा रूटचा खोलगटपणा. दोन्हींत गल्लत करणे हा नव्या वाचकाचा नेहमीचा अपराध, आणि त्याने चांगला जोड खोदला जातो किंवा वाईट जोड निसटतो. मध्यावर पांढरट पट्टा म्हणजे जास्तीचे पेनिट्रेशन, आणि त्याच्या मधोमध गोल काळा ठिपका दिसला तर बर्न-थ्रू.

मध्यापासून थोडी बाजूला, एक कड सरळ आणि दुसरी वेडीवाकडी असलेली रेघ दिसली तर बाजूच्या भिंतीचा लॅक ऑफ फ्यूजन समजा. सरळ कड ही बेव्हलची. स्लॅग अनियमित, टोकदार, कधी लांबट, आणि काळेपणा जागोजागी वेगवेगळा. रूट रनच्या (तळातल्या पहिल्या थराच्या) दोन्ही कडांना समांतर दोन लांब रेघा दिसल्या, तर पहिल्या रननंतर घासणी अपुरी झाली आहे. पोरॉसिटी म्हणजे गोल, गुळगुळीत काठाचे ठिपके, एकटे किंवा झुंडीने. टिग वेल्डमध्ये (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने केलेल्या) चमकदार पांढरा ठिपका टंगस्टनचा, कारण टंगस्टन पोलादापेक्षा खूप जड. कॅपच्या कडेला धावणारी गडद रेघ अंडरकट असते. ती नक्की करायला फिल्म नको, जोडाकडे जा आणि हात फिरवून पाहा.

चीर बारीक, थरथरत्या हाताने काढल्यासारखी, टोकाला निमुळती होत जाणारी. ती कधी संपते हे सांगणे कठीण जाते आणि तीच तिची ओळख. रेघ चीर आहे की नाही अशी शंका असेल तर भिंगाने पाहा, किरणांचा कोन थोडा बदलून दुसरा शॉट घ्या. कोन बदलल्यावर रेघ गडद झाली किंवा नाहीशी झाली, तर ती पातळ, सपाट दोषाचीच चाल आहे.

निर्णय, आणि दुरुस्तीनंतर

स्वीकार-अस्वीकार कामाला लागू असलेल्या संहितेनुसार होतो, वाचकाच्या हळवेपणाने किंवा कडकपणाने नव्हे. उदाहरणार्थ, दाबपात्रांसाठीच्या एएसएमईच्या आठव्या भागात, पूर्ण रेडिओग्राफीच्या जोडात चीर, लॅक ऑफ फ्यूजन आणि अर्धवट पेनिट्रेशन कितीही लहान असले तरी नापास. लांबट दोषाला १९ मिमीपर्यंतच्या जाडीत ६ मिमी, १९ ते ५७ मिमी जाडीत जाडीचा एक-तृतीयांश, आणि त्यापुढे १९ मिमी इतकी मर्यादा. आपल्या २५ मिमी प्लेटला ८ मिमीची स्लॅग रेघ चालेल, ९ मिमीची नाही. म्हणून लांबी अंदाजाने सांगू नका, मोजपट्टीने मोजा.

अहवालात सोर्सचा प्रकार, त्या दिवशीची ताकद, सोर्सचा आकार, अंतर, फिल्म, पडदे, वेळ, आयक्यूआय आणि डेन्सिटी लिहा, इतके की दुसऱ्या कोणाला तीच फिल्म पुन्हा काढता यावी. दोषाची जागा शून्य खुणेपासून मिलिमीटरमध्ये द्या. फिल्म खोली सांगत नाही, त्यामुळे जाड जोडात कोणत्या बाजूने खोदायचे हे ठरवायला अल्ट्रासॉनिकची मदत घ्या.

दुरुस्तीनंतरच्या फिल्मवर मूळ क्रमांकापुढे आर-१ लावा आणि शॉट त्याच खुणांवर, त्याच मांडणीने घ्या. वाचताना जुनी आणि नवी फिल्म व्ह्यूअरवर शेजारीशेजारी ठेवा आणि खुणा जुळवा. जुन्या दोषाचे एक टोक खोदाईच्या सीमेपलीकडे राहून गेलेले असते, ते असेच सापडते. दोन्ही फिल्म एकाच पाकिटात ठेवा. नापास झालेली फिल्म फेकून देऊ नका.